ॲलन ट्युरिंग आणि त्याची 'डेलायला'

ट्युरिंग म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे पेपरात हमखास येणारं ट्युरिंग मशीन आणि दुसरी म्हणजे महायुद्धात फोडलेलं जर्मन एनिग्मा. पण रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून आपण घरी जो इंटरनेट कॉल लावतो, त्याच्याशीही या माणसाचं नातं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईवडील भारतात आणि मुलं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असंच त्याचं बरंचसं बालपण गेलं. शाळेतला जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉम १९३० मध्ये क्षयाने गेला. पुढे केंब्रिजला गणित, १९३६ मध्ये तो गाजलेला शोधनिबंध, १९३८ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट. युद्ध पेटलं आणि तो ब्लेचली पार्कला रुजू झाला.

१९४३ च्या सुरुवातीला त्याने न्यूयॉर्कच्या बेल लॅब्जमध्ये 'सिगसॅली' हे यंत्र तपासलं. संभाषण गुप्त ठेवणारा हा टेलिफोन पन्नास टनांहून जड होता! एवढं धूड रणांगणावर नेणार कोण? इंग्लंडला परतल्यावर हॅन्स्लोप पार्कमध्ये ट्युरिंगने छोटं यंत्र करायला घेतलं, 'डेलायला'. मदतीला डोनाल्ड बेली हा तरुण इंजिनिअर. ट्युरिंगची वायरिंग म्हणजे नुसतं जंजाळ! नीट जोडणी कशी करायची ते बेलीने त्याला शिकवलं. एवढा मोठा गणितज्ञ, पण शिकायला लाजला नाही.

कल्पना सोपी होती. आवाजाचे सेकंदाला ४००० नमुने घ्यायचे, प्रत्येकात गुप्त किल्लीचा एक आकडा मिसळायचा आणि पाठवायचं. पलीकडच्याने तोच आकडा त्याच क्षणी वजा करायचा. खरी गोम इथेच होती. ऐकणाऱ्याची किल्ली जरा मागेपुढे झाली की हाती फक्त खरखर. त्यामुळे दोन्ही टोकं एका ठेक्यात ठेवणं हे मोठं काम होतं. चर्चिलच्या भाषणाच्या रेकॉर्डवर चाचणी झाली आणि ती यशस्वी ठरली. पण तोवर १९४५ उजाडलं, युद्ध संपलं आणि डेलायला प्रत्यक्ष वापरात आलीच नाही.

आता आजचा कॉल बघा. २००४ मध्ये ठरलेल्या एसआरटीपी या पद्धतीतही किल्लीतून आकड्यांची माळ तयार होते आणि ती आवाजाच्या पॅकेटमध्ये मिसळली जाते. पण इंटरनेटवर पॅकेट्स उशिरा येतात, उलटसुलट येतात, काही तर हरवतात. म्हणून प्रत्येकावर क्रमांक असतो. त्यावरून घेणाऱ्याला माळेचा नेमका कुठला तुकडा वापरायचा ते कळतं.

शिवाय एक गोष्ट डेलायलामध्ये नव्हती. मिसळण्याने बोलणं लपतं, पण वाटेत कुणी ढवळाढवळ केली का, ते कळत नाही. आज आलेलं पॅकेट आधी तपासलं जातं. हा क्रमांक आधीच येऊन गेलाय का? मग कुणीतरी जुनंच पुन्हा पाठवतंय, टाकून द्या. सोबतची खूण गुप्त किल्लीशी जुळत नाही? तेही टाकून द्या. दोन्हीत पास झालं, तरच ते उलगडून स्पीकरकडे जातं. प्रोजेक्टमध्ये असा कॉल करणार असाल तर हा क्रम मोडू नका. 'आधी उघडू, मग तपासू' म्हणजे अनोळखी माणसाला खोलीत घेऊन मग नाव विचारण्यासारखं आहे.

आणि ट्युरिंगचं काय झालं? १९५२ मध्ये घरी चोरी झाली म्हणून तो स्वतःच पोलिसांत गेला. चौकशीत त्याचे एका पुरुषाशी असलेले संबंध उघड झाले आणि तेव्हाच्या कायद्याने तोच गुन्हेगार ठरला. तुरुंग टाळण्यासाठी हार्मोन्सचे उपचार पत्करावे लागले. सरकारी गुप्त कामाची दारंही बंद झाली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने तो गेला, वय अवघं ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राजघराण्याकडून क्षमा मिळाली आणि २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. फार उशीर झाला होता.

दुसऱ्यांचं बोलणं खासगी राहावं म्हणून झटणाऱ्या माणसाचं खासगी आयुष्य मात्र त्याच्याच देशाने चव्हाट्यावर आणलं. तेव्हा मंडळी, आज आईशी बोलताना आपलं बोलणं तिसरं कुणी ऐकत नाही, यामागे केवढी धडपड आहे, हे एकदा जरूर आठवा.