विश्लेषण : केरळच्या वाळूला होमी भाभांनी कुलूप का लावले?

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि विजेवरील वाहनांच्या मोटारींना लागणाऱ्या चुंबकांसाठी भारतीय वाहन उद्योगाची धावपळ उडाली. ही मूलद्रव्ये आपल्याकडे अजिबात नाहीत, असे नाही. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत त्यांपैकी काही आहेत. मात्र या वाळूचे धोरण चुंबकांसाठी नव्हे, तर अणुऊर्जेसाठी आखले गेले. ते आखणारे होते डॉ. होमी भाभा.

वाळूचे मोल कुणाला कळले?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. त्याच सुमारास शॉमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. गॅसबत्तीच्या मेंटलसाठी थोरियम लागे आणि या मोनाझाइटमध्ये ते ८ ते ९ टक्के होते. मग वाळू जहाजाने परदेशी जाऊ लागली. १९४७ मध्ये त्रावणकोरच्या दिवाणांनी संस्थान स्वतंत्र ठेवण्याची भाषा केली, तेव्हा हीच वाळू त्यांच्या हातातला हुकमी पत्ता होती.

भाभा या विषयाकडे कसे वळले?

अभियांत्रिकी शिकायला केंब्रिजला गेलेले भाभा भौतिकशास्त्रात रमले. विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांचे नाव झाले. १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले असताना महायुद्ध पेटले आणि ते इथलेच झाले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही वर्षे काढून १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यानंतर ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. आयोग थेट पंतप्रधानांना उत्तरदायी असावा, हा त्यांचाच आग्रह. मेघनाद साहांना ही घाई आणि सत्तेचे हे केंद्रीकरण पटले नव्हते. साहांच्या आक्षेपात तथ्य होते, हे पुढे दिसलेच.

भाभांचे सूत्र साधे होते : कच्ची वाळू विकायची नाही, ती इथेच फोडायची. त्यासाठी १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी त्रावणकोर-कोचीन सरकारच्या भागीदारीत स्थापन झाली. फ्रेंच तंत्रसाहाय्याने अलुवा येथे कारखाना उभा राहिला आणि डिसेंबर १९५२ मध्ये नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. तिथून निघणाऱ्या थोरियमवरील पुढील प्रक्रियेचा कारखाना १९५५ मध्ये तुर्भ्यात सुरू झाला.

दबाव आला का?

आला, आणि तोही पोटाच्या वाटेने. १९५१ मध्ये देशात अन्नटंचाई असताना गव्हाच्या कर्जाच्या बदल्यात मोनाझाइट मागावे, असा सूर अमेरिकी काँग्रेसमध्ये निघाला. नेहरूंनी ही सांगड नाकारली. कर्ज तरीही मिळाले. १९५३ मध्ये थोरियम नायट्रेटची एक लहानशी खेप चीनकडे रवाना झाली, तेव्हा अमेरिकी मदतच बंद पडायची वेळ आली होती.

मग अडले कुठे?

युरेनियम थोडे, थोरियम मुबलक. हे ओळखून नोव्हेंबर १९५४ मध्ये भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला. आधी नैसर्गिक युरेनियमच्या अणुभट्ट्या, त्यांतून मिळणाऱ्या प्लुटोनियमवर द्रुत प्रजनक अणुभट्ट्या आणि शेवटी थोरियम. या मांडणीत मोनाझाइट म्हणजे मुख्यतः थोरियम. निओडीमियम, लँथॅनम ही सोबतची मिळकत. थोरियममुळे वाळूवर अणुऊर्जा खात्याचे कडक नियंत्रण आले. थोरियम जपून ठेवले गेले, पण त्याच दाण्यातील दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर उभा राहू शकणारा उद्योग वाढला नाही. दोष एकट्या भाभांचा म्हणता येणार नाही. आजच्या चुंबकांत वापरले जाणारे निओडीमियम, लोह आणि बोरॉन यांचे मिश्रण १९८० च्या दशकात आले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावरील विमान अपघातात भाभा गेले, तेव्हा ते कुणाच्या स्वप्नातही नव्हते. त्यानंतरच्या सरकारांना मात्र धोरण बदलायला भरपूर वेळ मिळाला होता.

आता काय बदलले?

२०२३ च्या कायदादुरुस्तीने लिथियम, टायटॅनियमसह सहा खनिजे अणुखनिजांच्या यादीतून वगळली गेली. मोनाझाइट मात्र यादीतच राहिले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली. भाभांच्या कार्यक्रमातील तिसरा टप्पा, म्हणजे थोरियमवर मोठ्या प्रमाणात वीजनिर्मिती, अजून यायचा आहे.