मुलांच्या निर्णयात घराला मान देणारे जॉन रांगिहाऊ

न्यूझीलंडमध्ये एखाद्या मुलाची त्याच्याच घरात आबाळ किंवा छळ होत असल्याची तक्रार आली आणि चौकशीत तिच्यात तथ्य आढळले, की एक बैठक बोलावली जाते. आई-वडील, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी असा सारा गोतावळा त्या बैठकीला येतो. समाजसेवक, डॉक्टर, शिक्षक आपापली माहिती सर्वांसमोर मांडतात आणि मग उठून खोलीबाहेर जातात. मूल कोणाकडे राहील, त्याच्या सुरक्षिततेची हमी कोण घेईल, आई-वडिलांना कोणती मदत लागेल, याची योजना घरची माणसे आपसांत बसून तयार करतात. १९८९ च्या कायद्याने ही पद्धत रूढ झाली. पुढे ती ब्रिटन, नेदरलँड्स, स्वीडन, अमेरिका अशा अनेक देशांत पोहोचली. तिच्यामागील विचाराशी ज्या माओरी नेत्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, ते म्हणजे जॉन रांगिहाऊ.

रांगिहाऊ यांचा जन्म १९१९ साली वाइकारेमोआना सरोवराच्या परिसरात, तुहोए या माओरी जमातीत झाला. ते उरेवेराच्या दाट, धुके पांघरलेल्या डोंगरांत राहणाऱ्या या जमातीचा सरकारशी आलेला संबंध सुखाचा नव्हता. १८६६ मध्ये तिच्या सुपीक जमिनी जप्त झाल्या होत्या. १९१६ मध्ये रुआ केनाना या धर्मपुरुषाला पकडण्यासाठी सशस्त्र पोलीस थेट माउंगापोहातू या वस्तीवर चालून गेले होते आणि त्या चकमकीत त्याचा मुलगा मारला गेला होता. रांगिहाऊ यांच्या पिढीने या कहाण्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या.

त्या घराची व्याख्या मात्र आई, वडील आणि मुले एवढ्यापुरती नव्हती. माओरी भाषेत कुटुंबाला फानाऊ म्हणतात. आपल्याकडची भावकी आणि आजोळ एकत्र केले, तर त्याची थोडीशी कल्पना येईल. मूल हे साऱ्या फानाऊचे. आजी-आजोबांनी किंवा दुसऱ्या नातलगांनी मूल वाढवण्याच्या प्रथेला फांगाइ असे नाव आहे. असे मूल आपल्या जन्मदात्यांना ओळखते, आपली वंशावळ त्याला ठाऊक असते आणि दोन्ही घरांत त्याला हक्काची जागा असते.

दुसऱ्या महायुद्धात रांगिहाऊ यांनी माओरी बटालियनमधून लष्करी सेवा केली. युद्धानंतर ते माओरी व्यवहार खात्यात कल्याण अधिकारी झाले. हा काळ माओरी समाजाच्या मोठ्या स्थलांतराचा होता. युद्धापूर्वी बहुसंख्य माओरी खेड्यांत राहत. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चारपैकी तिघे शहरवासी झाले होते. कारखान्यांत काम मिळाले, भाड्याची घरे मिळाली. पण पडत्या काळात मूल सांभाळणारी आजी शेकडो मैल दूर राहिली. खात्यात राहून रांगिहाऊ हे सारे जवळून पाहत होते. सरकारी टिपणाची भाषा त्यांना येत होती आणि सभागृहात उभे राहून पूर्वजांच्या नावांनी सुरू होणारे भाषणही. पुढे वाइकाटो विद्यापीठाच्या माओरी अध्ययन केंद्रात त्यांनी अध्यापन केले. सर्व जमातींना एकाच माओरी साच्यात बसवणे त्यांना मान्य नव्हते. आपली ओळख आधी तुहोए अशीच आहे, ही त्यांची ठाम भूमिका होती.

याच काळात बालकल्याणाची सरकारी यंत्रणा वेगळ्याच दिशेने चालली होती. अडचणीतल्या घरातून मूल काढून घेणे, ते सुधारगृहात किंवा अनोळखी कुटुंबात ठेवणे, हा तिचा नेहमीचा उपाय होता. यात माओरी मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. हद्दीपलीकडच्या गावात त्याच मुलाला वाढवायला तयार असलेली आत्या आहे की नाही, हा प्रश्न अर्जावर नसायचा. मूल घरापासून तुटायचे, तसेच भाषेपासून आणि कुळापासूनही तुटायचे.

१९८५ मध्ये तत्कालीन समाजकल्याण मंत्री अॅन हर्कस यांनी खात्याच्या कारभाराकडे माओरी दृष्टीने पाहण्यासाठी एक सल्लागार समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद रांगिहाऊ यांच्याकडे दिले. समितीने कार्यालयात बसून साक्षी घेतल्या नाहीत. ती मराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानांवर गेली आणि लोकांचे ऐकून घेतले. १९८६ मध्ये अहवाल तयार झाला. त्याचे नाव ‘पुआओ-ते-आता-तू’, अर्थात पहाट. मंत्र्यांनीच नेमलेल्या या समितीने सरकारी यंत्रणेत वंशभेद मुरलेला असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले. एखाद्या अधिकाऱ्याच्या मनातला आकस ही एक गोष्ट. पण नियम, अर्ज आणि नेमणुकाच एका समाजाच्या सोयीने बेतलेल्या असतील, तर भला अधिकारीही अन्याय करतो, हे अहवालाने दाखवून दिले. मुलांबाबतच्या निर्णयात फानाऊ, हापू आणि इवी, म्हणजे कुटुंब, कुळ आणि जमात यांना स्थान द्यावे, हा त्याचा आग्रह होता.

त्याच वर्षी सरकारने मुलांविषयीचे नवे विधेयक मांडले. त्यात भर होता तो तज्ज्ञांच्या बालसंरक्षण पथकांवर. डॉक्टर, समाजसेवक, पोलीस एकत्र बसून योजना आखतील आणि कुटुंब ती पाळील, अशी ती मांडणी होती. माओरी समाजातून तिला कडाडून विरोध झाला आणि विधेयक पुन्हा लिहिणे भाग पडले. ते नव्या रूपात येण्यापूर्वीच, १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये रांगिहाऊ यांचे निधन झाले. १९८९ मध्ये संमत झालेल्या कायद्याच्या नावातच मुले आणि तरुण यांच्या जोडीला त्यांची कुटुंबे आली. कुटुंब-बैठक ही त्याची मध्यवर्ती तरतूद ठरली. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांसाठीही तीच वाट ठेवण्यात आली. त्या बैठकीत गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीलाही बसण्याचा हक्क मिळाला.

मूल त्याच घरात असुरक्षित असताना निर्णय त्याच घराकडे कसा द्यायचा, ही शंका तेव्हाही होती, आजही आहे. कायद्याने तिला उत्तर ठेवले आहे. कुटुंबाने आखलेली योजना समन्वयक आणि समाजसेवक यांना मान्य व्हावी लागते. मतभेद राहिले तर प्रकरण न्यायालयात जाते. १९९४ च्या दुरुस्तीने मुलाचे हित सर्वांत वर असल्याचे आणखी स्पष्ट करण्यात आले. गोतावळा मोठा असण्याचा फायदाही इथेच आहे. ज्या घरात एक माणूस मारतो, त्याच घराण्यात त्याचा हात धरणारी चार माणसेही असतात. त्यांना शोधून बोलावणे, हे समन्वयकाचे खरे काम. मात्र त्यासाठी वेळ लागतो, प्रवासखर्च लागतो, आजीच्या घरी मुलासोबत चार पैसेही पोहोचावे लागतात. ते न झाल्यास बैठक केवळ सहीपुरती उरते.

तसे अनेकदा झाले. कायद्यानंतरही सरकारी ताब्यातल्या मुलांमध्ये माओरी मुले अधिकच राहिली. २०१९ मध्ये एका नवजात बालकाला रुग्णालयातूनच आईपासून वेगळे करण्याच्या प्रयत्नावरून देशभर संताप उसळला. २०२४ मध्ये शाही चौकशी आयोगाने अंतिम अहवाल दिला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली अंदाजे दोन लाख मुले, तरुण व असहाय प्रौढांवर अत्याचार झाल्याचे त्यात नमूद होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

या आकड्यांपुढे रांगिहाऊ यांचे काम अपुरे वाटेल. पण आपल्या हाती आलेले मूल सुरक्षितच असणार, हे सरकारने कायम गृहीत धरले होते आणि ते गृहीत किती पोकळ होते, हे याच आकड्यांनी सिद्ध केले. रांगिहाऊ यांनी ते चार दशकांपूर्वी ओळखले होते. आजही न्यूझीलंडमधल्या एखाद्या गावी अधिकारी खोलीबाहेर थांबतात आणि आत एखादी आजी नातवाची जबाबदारी स्वीकारते, तेव्हा त्या आजीला त्या खोलीत बोलावणाऱ्यांमध्ये रांगिहाऊ अग्रभागी होते.