गास्ताँ प्लाँते

साताऱ्याच्या चढणीवरून किंवा सांगलीच्या पेठेतून पायांनी अधू असलेला एखादा मनुष्य विजेच्या चाकांच्या खुर्चीत बसून, कोणाच्याही हाताचा आधार न घेता जाताना दिसला, म्हणजे आपली दृष्टी चाकांकडे जाते. परंतु त्या खुर्चीचे खरे बळ आसनाखालील बॅटरीत असते. पुष्कळ खुर्च्यांत ती शिशाची असते, आणि तिचा आद्य जनक गास्ताँ प्लाँते हा होय.

प्लाँते याचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्स देशातील ऑर्तेझ या गावी झाला. विसाव्या वर्षी तो पॅरिस येथे पदार्थविज्ञानाचा साहाय्यक झाला. १८५५ साली त्यास एका प्रचंड प्राचीन पक्ष्याचे अश्मीभूत अवशेष सापडले. त्या पक्ष्यास त्याचेच नाव देण्यात आले.

त्या काळचे विद्युत्घट आतील द्रव्ये सरली की निकामी होत. धातूच्या पट्ट्या आम्लात ठेवून वीज सोडली असता पुढे त्यांतून उलट प्रवाह निघे, तो उपद्रवच मानला जाई. प्लाँतेने मात्र त्या दोषातच गुण पाहिला. अनेक धातू पारखल्यावर शिसे हा प्रवाह सर्वांहून अधिक काळ देते, असे त्यास आढळले. १८५९ साली त्याने शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले व सौम्य गंधकाम्लात बुडविले. त्यांत वीज वारंवार भरावी व काढावी, तसतशी साठवण वाढे. हे काम फार चिकाटीचे होते. १८६० साली त्याने नऊ घटांची बॅटरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली.

ती भरण्यास वीज जुन्या घटांतूनच घ्यावी लागे. म्हणून कित्येक वर्षे तिचा प्रसार झाला नाही. पुढे डायनामो प्रचारात आले, आणि १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांस शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची रीत काढली. तेव्हा तिचे महत्त्व जगास कळले. २१ मे १८८९ रोजी प्लाँते निवर्तला.

विसाव्या शतकात आम्ल खळीसारखे घट्ट करून, अथवा काचतंतूंच्या थरांत शोषवून, ही बॅटरी बंदिस्त करण्यात आली. त्यामुळे खुर्ची कलली तरी आम्ल सांडत नाही, वा पाणीही घालावे लागत नाही. बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून खुर्चीस २४ व्होल्ट मिळतात. मात्र बॅटरी रिकामी पडून राहिल्यास पत्र्यांवर कठीण थर बसतो, तिचे बळ खचते, आणि बसणारा मनुष्य वाटेतच अडकतो. म्हणून ज्यांच्या घरी अशी खुर्ची असेल, त्या मुलांनी रात्री ती विजेस जोडण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. दुसऱ्या दिवशीचे कोणाचे तरी स्वातंत्र्य त्या लहानशा कामावर अवलंबून असते.