होडीला इंजिन लावणारे ओले इव्हिनरूड

आपल्या गावाला खाडी आहे. खाडीत होड्या आहेत. होडीच्या मागच्या फळीला इंजिन अडकवलेले असते. दोरी ओढली की ते सुरू होते आणि पाण्यातला पंखा फिरतो. हे इंजिन जगभर पोचवणाऱ्या माणसाची माहिती मी आज सांगणार आहे. त्यांचे नाव ओले इव्हिनरूड. नाव ऐकून हसू नका. पाण्यात भिजले म्हणून ओले नाही, नॉर्वे देशात असे नाव ठेवतात.

ओले यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेत झाला. ते पाच वर्षांचे असताना घरची मंडळी बोटीने अमेरिकेला गेली. विस्कॉन्सिन राज्यात एका तळ्याजवळ त्यांनी शेती केली. वडील शेतकरी होते. ओलेंनी शेतीच करावी असे त्यांना वाटायचे. पण ओलेंचे सगळे लक्ष होड्या आणि यंत्रांकडे! शाळा तर लवकरच सुटली. तरी त्यांनी स्वतःच्या हाताने शिडाची होडी बनवली.

सोळा वर्षांचे झाल्यावर ते मॅडिसन शहरात कामाला गेले. दिवसा कारखान्यात काम करायचे आणि रात्री यंत्रांची पुस्तके वाचायचे. पुढे आणखी काही शहरांत कारखान्यांत काम करून ते मिलवॉकी शहरात राहिले. तिथे बेस कॅरी नावाच्या हुशार मुलीशी त्यांची ओळख झाली.

आता आइस्क्रीमची गोष्ट. ती सगळीकडे सांगतात. एकदा उन्हाळ्यात सगळे मित्र तळ्यावर सहलीला गेले होते. बेसबाईंना आइस्क्रीम खावेसे वाटले. दुकान पलीकडच्या काठाला, सुमारे तीन किलोमीटर लांब. ओले वल्ही मारत गेले आणि वल्ही मारत परत आले. तोवर आइस्क्रीमचे पाणी झाले! तेव्हा त्यांच्या मनात आले की वल्ह्याच्या जागी इंजिन पाहिजे.

१९०६ साली दोघांचे लग्न झाले. ओलेंनी इंजिन बनवले. त्यांच्या आधीही कोणी कोणी असे यंत्र केले होते, पण ओलेंचे यंत्र चांगले चालले म्हणून लोकांनी ते घेतले. १९०९ साली त्यांचा कारखाना सुरू झाला. पहिल्या इंजिनची ताकद दीड घोड्याची होती. वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. किंमतही ६२ डॉलर! वरचे चाक हाताने फिरवून ते सुरू करायचे. ओले कारखाना बघायचे. बेसबाई हिशोब, पत्रे आणि जाहिराती बघायच्या. म्हणजे कारखाना दोघांचा होता.

पण बेसबाई आजारी पडल्या. कामाचा फार ताण झाला होता. मग ओलेंनी काय केले? १९१४ साली त्यांनी आपला हिस्सा भागीदाराला विकून टाकला. पाच वर्षे असे इंजिन विकणार नाही असे कबूल केले. एवढा चाललेला धंदा त्यांनी बायकोच्या तब्येतीसाठी सोडला. मुलगा राल्फ आणि बायको यांना घेऊन ते फिरायला गेले. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. पाच वर्षे संपल्यावर त्यांनी नवीन इंजिन दाखवले. त्यात ॲल्युमिनियम वापरले होते, म्हणून ते हलके होते. त्याला एक नाही, दोन सिलिंडर होते. जुन्या भागीदाराने ते घेतले नाही. मग नवराबायकोने १९२१ साली स्वतःची नवी कंपनी काढली. तिचे नाव एल्टो. पुढे १९२९ साली जुनी कंपनी आणि नवी कंपनी एकत्र आल्या आणि ओले त्यांचे प्रमुख झाले. १९३३ साली बेसबाई वारल्या. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी ओलेंचे निधन झाले. नंतर राल्फने काम पाहिले. त्यांच्या नावाची इंजिने २०२० सालापर्यंत बनत होती.

दोन सिलिंडरचा उपयोग काय, हे मला गेल्या पावसाळ्यानंतर कळले. आमच्या बाबांचे इंजिन जुने आहे. एकदा खाडीच्या तोंडाशी त्याची ताकद एकदम गेली. ओहोटी लागली होती. एक सिलिंडर बंद पडला होता, पण दुसरा चालू होता, म्हणून बाबा हळूहळू घरी आले. अंधार पडला होता. आई कंदील घेऊन धक्क्यावर उभी होती. आम्ही कोणी जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी इंजिन उघडले. मी बाजूला बसून बघितले. आधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बघितला. तो बंद असला तर पेट्रोल येत नाही आणि इंजिन थोडा वेळ चालून थांबते. तो उघडाच होता. मग दोन्ही प्लग काढले. एक कोरडा आणि तपकिरी होता. दुसरा काळा आणि ओला होता. म्हणजे तिथे पेट्रोल येत होते, पण पेटत नव्हते. काकांनी सांडलेले पेट्रोल पुसले, टाकी लांब ठेवली. प्लग वायरीला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी पडली नाही. दुसरा चांगला प्लग लावला, तरी नाही. मग वरचे चाक काढले. आत त्या सिलिंडरचा पॉइंट खाऱ्या हवेने गंजला होता. पॉलिश पेपरने साफ केला, फट बरोबर केली. लगेच निळी ठिणगी पडली! मी टाळ्या वाजवल्या. काका ओरडले, कारण मुलांनी हे करायचे नसते. करंट बसतो आणि पेट्रोल पेटते.

आता बाबा होडी सोडण्याआधी दोन्ही प्लग बघतात आणि वल्हीसुद्धा सोबत घेतात. पालकांनो, तुम्ही पण घ्या.

मित्रांनो, ओले इव्हिनरूड यांची शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. यंत्रावर प्रेम केले, माणसांवर त्याहून जास्त केले. आपण त्यांच्यासारखे व्हावे.

— इयत्ता ४ थी