ग्वाल्हेरचे कॅप्टन रूपसिंह

कॅप्टन रूपसिंह मैदान म्हटले की बाहेरगावच्या माणसास सचिन तेंडुलकर आठवतो. त्यात त्याचा काही दोष नाही. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध याच मैदानावर नाबाद दोनशे धावा काढल्या आणि पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक आपल्या गावात झाले. परंतु ज्यांचे नाव या मैदानास दिले आहे ते रूपसिंह कोण, असे विचारले, तर गावातलीसुद्धा पुष्कळ तरुण मंडळी कोणी जुने क्रिकेटपटू असतील असे सांगून मोकळी होतात. रूपसिंहांनी नाव मिळवले ते हॉकीत, आणि हे मैदानही मुळात हॉकीचेच. १९८८ च्या जानेवारीत तेथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला आणि हळूहळू हॉकीची आठवणही तेथून गेली.

मी हॉकीचा जुना शौकीन आहे. खेळाडूंविषयी माझी मते ठाम असतात आणि घरच्यांना ती नको इतकी पाठ झाली आहेत. त्यांतले सर्वांत ठाम मत असे की, रूपसिंहांना आपण नीट जाणून घेतले नाही. ते ध्यानचंदांचे धाकटे बंधू होते, एवढ्यावरच आपण थांबलो.

रूपसिंहांचा जन्म ८ सप्टेंबर १९०८ रोजी जबलपूर येथे झाला. वडील इंग्रज सरकारच्या फौजेत होते आणि तेही हॉकी खेळत. बदल्यांमुळे बिऱ्हाड सारखे हलत राहिले व अखेर झाशीस स्थिरावले. ध्यानचंद तीन वर्षांनी वडील. ते लवकरच पलटणीत दाखल झाले, आणि १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानने एकही गोल अंगावर न घेता सुवर्णपदक मिळवले तेव्हा त्यांचे नाव घरोघर पोहोचले. धाकटा भाऊ त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता आणि झाशी हीरोज या गावच्या संघातून खेळत होता.

थोरल्या भावाची एवढी कीर्ती असली म्हणजे धाकट्याची वाट सोपी होते असे लोकांना वाटते. मला नेमके उलटे वाटते. त्याने चांगला खेळ केला तर ते घराण्याचे देणे, आणि वाईट केला तर ती वशिल्याची निवड. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी रूपसिंहांची निवड झाली तेव्हा परदेशी नेण्याजोगे कपडे नाहीत म्हणून ते जाण्यासच तयार नव्हते, अखेर थोरल्या भावाने कपडे करून दिले, अशी आठवण सांगतात. संघाची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. हॉकी संघटनेने कर्ज काढले, वाटेत सामने खेळून पैसा उभा केला आणि कोलंबोहून जहाज धरून मंडळी पॅसिफिकपार गेली. संघाचे कप्तान लालशाह बुखारी होते.

त्या वर्षी हॉकीत तीनच संघ होते. ४ ऑगस्टला जपानवर ११-१ असा विजय मिळाला. त्यात रूपसिंहांचे तीन गोल. ११ ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध हिंदुस्थानने २४ गोल केले आणि एक घेतला. त्या चोविसांतले दहा रूपसिंहांचे व आठ ध्यानचंदांचे. दोन्ही सामने मिळून धाकट्याचे तेरा व थोरल्याचे बारा झाले. त्यानंतर वशिल्याचा प्रश्न काढण्यास कोणास जागा उरली नाही.

हे दहा गोल सांगून लोक रूपसिंहांची थोरवी सिद्ध करतात, ते मात्र मला पटत नाही. अमेरिकेचा संघ हौशी होता, बचाव कच्चा होता. तीनच संघ असल्याने दोन्ही सामने हरूनही त्याला कांस्यपदक मिळाले. खेळाडूची पारख अशा सामन्यावरून करू नये. रूपसिंह काय होते हे पाहावयाचे, तर ते कोणत्या जागेवरून खेळत ते पाहिले पाहिजे.

त्या काळी आघाडीस पाच खेळाडू असत. मध्यभागी ध्यानचंद आणि त्यांच्या लगत डावीकडे रूपसिंह. या जागेस लेफ्ट इन म्हणत. हॉकीच्या काठीची डावी बाजू तेवढी सपाट असते आणि चेंडू सपाट बाजूनेच मारावयाचा. त्यामुळे उजवीकडून डावीकडे फटका सहज निघतो. डावीकडून उजवीकडे मारावयाचा, तर धावता धावता पाय आणि खांदे वळवून घ्यावे लागतात. डाव्या बाजूच्या आघाडीवाल्यास गोल उजव्या हातास दिसतो, म्हणजे त्याचा महत्त्वाचा फटका नेहमी अवघड बाजूचाच. ही वळण्याची क्रिया ज्याला क्षणभरात साधते त्यालाच तेथे उभे राहता येते. शिवाय त्या वेळचा ऑफसाइडचा नियम आजच्या मानाने फार कडक होता. आघाडीवाला आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. चोरून पुढे जाऊन उभे राहण्याची सोय नव्हती. रूपसिंहांचा फटका जबरदस्त होता असे त्यांचा खेळ पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. असा फटका डावीकडून, वळत वळत मारणे ही माझ्या मते दहा गोलांहून मोठी गोष्ट आहे.

दोघा भावांत श्रेष्ठ कोण, हा वाद शौकिनांत आजही चालतो. ध्यानचंदांनी स्वतः धाकट्यास आपल्याहून वरचढ मानले होते. त्यात भावाची माया किती आणि पारख किती, हे कोण सांगणार? पण आपल्या ग्वाल्हेरात हा वाद विचित्र वाटावा. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या बंधूंचे गाणे आपल्या दरबारात रुजले, वासुदेवबुवा जोश्यांच्या आणि पुढे बाळकृष्णबुवांच्या हाती ते महाराष्ट्रात गेले. त्या दोघांपैकी थोर कोण, असे आपण विचारीत नाही. घराणे दोघांचे मानतो. हॉकीतही मधल्या आघाडीवाल्याचा गोल पुष्कळदा डावीकडून आलेल्या चेंडूवरच होत असतो. १९३५ साली हिंदुस्थानचा संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यातल्या ४८ सामन्यांत संघाने ५८४ गोल केले आणि ४० घेतले. दोघे भाऊ त्या संघात शेजारी शेजारी खेळत होते.

पुढच्या वर्षीचे बर्लिन ऑलिंपिक हा रूपसिंहांच्या आयुष्यातला कळस. या वेळी ध्यानचंद कप्तान होते. बर्लिनला पोहोचताच सरावाच्या सामन्यात जर्मनीने आपला ४-१ असा पराभव केला आणि सर्वांची झोप उडाली. मागाहून दारांना तातडीने बोलावून घेण्यात आले. स्पर्धेत मात्र हंगेरीवर चार, अमेरिकेवर सात, जपानवर नऊ आणि फ्रान्सवर दहा गोल झाले. अंगावर एकही नाही. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीशीच झाला. कपडे बदलण्याच्या खोलीत खेळाडूंनी तिरंग्यास वंदन केले व मग ते मैदानात उतरले. प्रेक्षकांत बडोद्याचे सयाजीराव महाराज होते.

मैदान ओले होते आणि जर्मन बचाव चिवट. मध्यंतरापर्यंत हिंदुस्थानचा एकच गोल झाला, आणि तो रूपसिंहांचा. उत्तरार्धात ध्यानचंदांनी बूट काढून टाकले, गोलांचा पाऊस पडला आणि सामना ८-१ असा संपला. त्या सामन्याची गोष्ट सांगताना आपण अनवाणी ध्यानचंद सांगतो, जर्मन गोलरक्षकाच्या धडकेने त्यांचा दात पडला तेही सांगतो. मला मात्र तो पहिला गोल मोलाचा वाटतो. महिनाभरापूर्वी ज्यांच्याकडून मार खाल्ला, त्यांच्याच देशात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर कोंडी फुटत नसताना जो पहिला गोल करतो, त्याच्यामुळे उरलेले सात होतात.

त्यानंतरचे ऑलिंपिक झालेच नाहीत. १९४० व १९४४ ची दोन्ही महायुद्धात बुडाली. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताचा संघ महूच्या किशनलालांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक घेऊन आला, तेव्हा रूपसिंह चाळिशीला टेकले होते. खेळाडूच्या दुखापती आपल्याला दिसतात. काळाने केलेली ही दुखापत दिसत नाही. ऐन उमेदीची बारा वर्षे अशी गेली.

या वर्षांत त्यांना आधार दिला तो आपल्या ग्वाल्हेरने. शिंदे सरकारच्या फौजेत त्यांना नोकरी मिळाली, तेथे ते कॅप्टन झाले आणि झाशीचा मुलगा ग्वाल्हेरकर झाला. संस्थानी अमदानीत गवई, मल्ल आणि खेळाडू यांना अशीच चाकरी मिळे. ज्या दरबारच्या चाकरीवर आपली मराठी घराणी पिढ्यान्पिढ्या या गावात नांदली, त्याच दरबारचे मीठ रूपसिंहांनीही खाल्ले. १९४८ साली मध्यभारत झाले, दरबार गेला, फौज गेली. आपल्यापैकी पुष्कळांनी नव्या सरकारी कचेऱ्यांत जागा शोधल्या, कोणी पुण्या-मुंबईस गेले. रूपसिंह ग्वाल्हेरातच राहिले.

पुढची वर्षे शांतपणे गेली. ध्यानचंदांना १९५६ साली पद्मभूषण मिळाले. पद्म पुरस्कारांच्या यादीत रूपसिंहांचे नाव नाही. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी तेथील एका रस्त्यास त्यांचे नाव देण्यात आले. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला हरवून विश्वचषक जिंकला. त्यात निर्णायक गोल पुतण्याचा, अशोककुमारचा होता. पण पुढच्याच वर्षी माँट्रियल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. घराण्याची शर्थ आणि देशाच्या हॉकीची उतरण, दोन्ही त्यांच्या हयातीतच घडल्या. १६ डिसेंबर १९७७ रोजी ग्वाल्हेर येथे त्यांचे देहावसान झाले. थोरले बंधू त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तेथील भुयारी रेल्वेच्या खास नकाशावर स्थानकांना जगातल्या नामवंत खेळाडूंची नावे दिली होती. त्यांत भारतीय हॉकीपटू तीन होते : ध्यानचंद, रूपसिंह आणि लेस्ली क्लॉडियस. लंडनच्या नकाशावर त्यांना हॉकीपटू म्हणून जागा मिळाली आणि ग्वाल्हेरात त्यांच्या नावाच्या मैदानावर क्रिकेट चालले. क्रिकेटशी माझे वैर नाही. दोनशेव्या धावेला मीही टाळ्या वाजवल्या. पण आता शंकरपूरला मोठे नवे क्रिकेट मैदान झाले आहे, २०२४ च्या ऑक्टोबरात तेथे बांगलादेशाशी सामनाही झाला. मग जुन्या मैदानावर रूपसिंहांचा खेळ परत यावा, निदान त्यांच्या कामगिरीचा सविस्तर फलक दर्शनी लागावा, असे म्हणण्यास आता कोणाची हरकत असू नये.

तोवर हा खेळ जिवंत आहे तो छोट्या मैदानांवर. मी दर्पण कॉलनीत राहतो. येथे हॉकीचे एक लहान मैदान आहे. संध्याकाळी तेथे मुली काठ्या घेऊन येतात, आणि त्यांतल्या बहुतेक साध्या घरांतल्या असतात. २००६ साली कंपूत राज्याची महिला हॉकी अकादमी निघाली, तेव्हापासून या मुलींना पुढची पायरी दिसू लागली. ग्वाल्हेरची इशिका चौधरी २०२३ च्या हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात बचावाला होती. मुलांमध्ये ग्वाल्हेरचाच शिवेंद्रसिंह २०१२ साली ऑलिंपिक खेळला आणि नंतर प्रशिक्षक झाला. तेव्हा हे गाव हॉकीला पारखे झाले असे कोणी म्हणू नये.

शौकीन या नात्याने माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते. एक, दुखावलेल्या मुलीस घाईने मैदानात उतरवू नये. कृत्रिम गवतावर गुडघे आणि घोटे लवकर जातात. सोळाव्या वर्षी जिंकलेल्या एका चषकापायी विसाव्या वर्षीची खेळाडू गमावणे हा शहाणपणाचा व्यवहार नाही. दुसरी, डाव्या बाजूने खेळणाऱ्यांकडे अधिक लक्ष द्यावे. काठ्या बदलल्या, मैदान बदलले, ऑफसाइडही गेला. पण डावीकडून वळून उजवीकडे मारणे तेवढेच अवघड राहिले आहे. जिला ते उपजत साधते अशी मुलगी दिसली की मी जरा जास्त वेळ थांबतो.

१६ डिसेंबर हा रूपसिंहांचा स्मृतिदिन. त्या दिवशी मोठ्या समारंभाची आवश्यकता नाही. आपल्या घरातल्या नातवंडांना घेऊन जवळच्या मैदानावर जावे, लेफ्ट इनची जागा कोणती ते बोटाने दाखवावे, आणि त्या जागेवर एके काळी आपल्या गावचा कोण खेळत होता ते सांगावे.