मलिक अंबर : गुलामीतून वर आलेला शहरकर्ता

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांतून आपली मुले पुढच्या शिक्षणासाठी जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतात. बाबासाहेबांनी १९५० साली तिथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. तेव्हापासून ते शहर आपल्याला आपले वाटते. पण ते वसवले कोणी, असे विचारले की बहुतेक जण औरंगजेबाचे नाव घेतात. खरे नाव आहे मलिक अंबर.

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अनेक हात बदलत तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशी, गुलामीतूनच वर आलेला. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला आणि स्वतःची फौज उभी करू लागला. १६०० साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. राज्य बुडाले असे वाटत असताना त्याने निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि पुढची २५ वर्षे मुघलांना झुंजवले.

१६१० साली त्याने खडकी या गावी नवे शहर उभारले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा अशी पुऱ्यांची नावे त्याच्या सोबतच्या मराठा सरदारांवरून पडली. ज्यांच्या बळावर राज्य टिकले त्यांना त्याने शहरात जागा दिली.

शहर वसले, पण पाणी कुठून आणायचे? अंबरने उत्तरेच्या डोंगराळ भागात जमिनीखाली झिरपणारे पाणी हेरले आणि हर्सूलकडून भूमिगत नहर आणली. उतारावरून आपोआप वाहणारे हे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचे. नहर साफ करता यावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उभी भोके ठेवलेली होती. हीच नहर-ए-अंबरी. जमिनीखालचे पाणी ना उन्हाने आटत होते, ना शत्रूच्या सहज हाती लागत होते.

या शहराची परीक्षा लवकरच झाली. १६१६ साली आपल्या जालना भागातल्या रोशनगावजवळ मुघलांनी अंबरचा पराभव केला. मग त्यांनी खडकी लुटली, जाळली. पुढे १६२१च्या सुमारास ती पुन्हा उद्ध्वस्त झाली. दोन्ही वेळा शहर परत उभे राहिले. १६२४ साली भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवले. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

लोक त्याच्यामागे का उभे राहिले? महसुलाचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवला. मधला मक्तेदार गेला, म्हणून रयतेला थोडा श्वास घेता आला. विश्वास भाषणांनी मिळत नाही, असा हिशोब चोख ठेवल्याने मिळतो.

अंबरला आपण संत करू नये. तो राजेशाहीतला सेनापती होता आणि सत्तेसाठी कठोर झाला. शिवाय शहरात पाणी आले म्हणजे ते प्रत्येकाच्या ओंजळीत आले, असे होत नाही. त्याच्यानंतर ३०० वर्षांनी महाडमध्ये हेच दिसले. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले आणि त्याच वर्षी पालिकेने तो ठरावही मागे घेतला. ठराव करून न पाळणारी पालिका लोकांचा विश्वास गमावते.

आज अंबरच्याच शहरात नळाचे पाणी कित्येक दिवसांआड येते. ज्याची ऐपत आहे तो टँकर मागवतो, वस्तीतल्या बाया मात्र हंडे घेऊन ताटकळतात. जुन्या नहरीवर अतिक्रमणे झाली, तिची निगा राहिली नाही. म्हणून आपल्या तरुणांनी ग्रामसभेत आणि नगरसेवकापुढे तीन प्रश्न विचारावेत : ठरावाची अंमलबजावणी कुठवर आली? खर्चाचा हिशोब कुठे लावला आहे? आणि शेवटच्या वस्तीला पाणी किती दिवसांनी मिळते? गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस शहराला पाणी देऊ शकला. मतांवर निवडून आलेल्यांना सबब सांगायला जागा नाही.