मिनर्व्हा मिराबाल : २५ नोव्हेंबर या दिवसामागची गोष्ट



२६ नोव्हेंबरला आपण शाळेत संविधान दिन साजरा करतो. उद्देशिकेचं वाचन होतं, प्रभातफेरी निघते. पण त्याच्या आदल्या दिवसाचा दिनविशेष बहुतेक वेळा फळ्यावर एका ओळीत लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. २५ नोव्हेंबर म्हणजे महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. हीच तारीख का, असं एखाद्या मुलीनं विचारलं तर आपल्याला उत्तर देता यायला हवं. त्यासाठी आज मिनर्व्हा मिराबाल यांची ओळख करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर डोमिनिकन रिपब्लिक हा छोटा देश आहे. तिथल्या साल्सेदो गावाजवळच्या ओहो दे आग्वा या खेड्यात १२ मार्च १९२६ रोजी मिनर्व्हाचा जन्म झाला. वडील शेती आणि व्यापार करत. पात्रिया, देदे, मिनर्व्हा आणि मारिया तेरेसा अशा चार बहिणी. ला व्हेगा इथल्या मुलींच्या निवासी शाळेत मिनर्व्हा शिकली. वाचनाची तिला भारी आवड. वकील व्हायचं हे तिनं लवकरच ठरवलं होतं, पण घरचे राजी होईपर्यंत काही वर्षं गेली.

तेव्हा देशावर राफाएल ट्रुहियो या हुकूमशहाची सत्ता होती. १९३० पासून त्याचा शब्द म्हणजे कायदा. राजधानीच्या शहरालासुद्धा त्यानं स्वतःचं नाव दिलं होतं. लोकांच्या घरात पाट्या लागलेल्या असत, की या घराचा प्रमुख ट्रुहियो आहे. जरा विचार करा, स्वतःच्याच घरात दुसऱ्याच्या हुकमतीची पाटी!

नकाराची किंमत

१९४९ मध्ये मिराबाल कुटुंबाला ट्रुहियोच्या मेजवानीचं बोलावणं आलं. त्याची नजर मिनर्व्हावर होती. तिनं त्याला नकार दिला आणि कुटुंब मेजवानी सोडून लवकर घरी आलं. एवढ्यावरून वडिलांना तुरुंगात टाकलं गेलं. मिनर्व्हा आणि तिच्या आईला राजधानीत स्थानबद्ध केलं गेलं. वडिलांची तब्येत पुढे खालावत गेली आणि १९५३ मध्ये ते वारले.

तरीही मिनर्व्हानं कायद्याचं शिक्षण सोडलं नाही. मध्येच तिला विद्यापीठात प्रवेश नाकारला गेला. १९५५ मध्ये मानोलो तावारेस या सहकाऱ्याशी तिचं लग्न झालं. १९५७ मध्ये ती पदवीधर झाली, पण वकिलीचा परवाना तिला मिळाला नाही. पदवी हातात आणि काम करायची बंदी!

पुढे मिनर्व्हा, मानोलो आणि साथीदारांनी मिळून हुकूमशाहीविरुद्ध गुप्त संघटना उभी केली. जून १९५९ मधल्या फसलेल्या उठावाच्या तारखेवरून तिचं नाव पडलं '१४ जून चळवळ'. या कामात मिनर्व्हाचं टोपणनाव होतं फुलपाखरू.

२५ नोव्हेंबर १९६०

जानेवारी १९६० मध्ये धरपकड झाली. मिनर्व्हा, मारिया तेरेसा आणि तिन्ही बहिणींचे नवरे तुरुंगात गेले. पण त्या वर्षी शेजारी देश गप्प बसले नाहीत. अमेरिका खंडातल्या देशांची 'अमेरिकी राष्ट्र संघटना' आहे. ट्रुहियोच्या कारभाराची तिनं चौकशी केली आणि ऑगस्टमध्ये त्याच्याशी राजनैतिक संबंध तोडायचं ठरवलं. त्याच दबावाच्या काळात या दोघी बहिणी सुटल्या. नवरे मात्र आतच राहिले.

२५ नोव्हेंबरला मिनर्व्हा आणि मारिया तेरेसा पुएर्तो प्लाता इथल्या तुरुंगात नवऱ्यांना भेटायला गेल्या. पात्रियाचा नवरा तिथं नव्हता, तरी बहिणींना सोबत म्हणून तीही गेली. परतीच्या वाटेवर ट्रुहियोच्या माणसांनी गाडी अडवली. तिघी बहिणी आणि त्यांचे गाडीचालक रुफिनो दे ला क्रूझ यांना मारलं आणि अपघात वाटावा म्हणून गाडी दरीत ढकलली. मिनर्व्हा तेव्हा ३४ वर्षांची होती. कुणाचाही त्या 'अपघाता'वर विश्वास बसला नाही. सहा महिन्यांनी, मे १९६१ मध्ये, ट्रुहियोही मारला गेला.

मागे राहिली देदे. तिनं बहिणींची मुलं आपल्या मुलांबरोबर वाढवली. मिनर्व्हाची मुलगी पुढे संसद सदस्य झाली.

एका तारखेपासून करारापर्यंत

आता तुम्ही म्हणाल, हा तर राजकीय खून. घरातल्या मारहाणीशी याचा काय संबंध?

संबंध जोडला तो त्या खंडातल्या महिला संघटनांनी. १९८१ मध्ये बोगोटा शहरात लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या कार्यकर्त्या जमल्या आणि त्यांनी २५ नोव्हेंबर हा दिवस ठरवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाईवरचा अत्याचार तुरुंगात होवो, रस्त्यावर होवो की घरात, तो कुणाचा खाजगी मामला नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये हा दिवस स्वीकारला.

त्याआधीच, १९९४ मध्ये, अमेरिकी राष्ट्र संघटनेच्या देशांनी ब्राझीलमधल्या बेलेम दो पारा इथं महिलांवरील हिंसेविरुद्ध करार केला होता. घरातली हिंसा त्यात स्पष्ट धरलेली आहे. या करारानुसार सरकार दाद देत नसेल, तर पीडित व्यक्ती किंवा स्वयंसेवी संस्था खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेऊ शकते.

याचा उपयोग झाला का? झाला. ब्राझीलच्या मारिया दा पेन्हा यांना १९८३ मध्ये नवऱ्यानं गोळी झाडली आणि त्या कायमच्या अपंग झाल्या. पंधरा वर्षं खटला रेंगाळला. १९९८ मध्ये दोन संस्थांना बरोबर घेऊन त्या आयोगाकडे गेल्या. २००१ मध्ये आयोगानं ब्राझील सरकारला जबाबदार धरलं आणि २००६ मध्ये तिथं कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. एकट्या बाईनं पंधरा वर्षांत जे झालं नाही, ते संस्था आणि शेजारी देश पाठीशी उभे राहिल्यावर झालं.

आपण काय करायचं?

आपल्याकडे भांड्याला भांडं लागणारच म्हणून विषय मिटवतात. पण त्या घरातलं मूल सकाळी आपल्याच वर्गात येऊन बसतं. गृहपाठ नाही, डोळे तारवटलेले, मोठा आवाज झाला की दचकतं. हे आपल्यालाच आधी दिसतं.

आपल्या देशात २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा आहे. त्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं, त्यासाठी नातेवाईक असावं लागत नाही. शेजारी, शिक्षक, कुणीही. सद्हेतूनं माहिती देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांनाही या कायद्यात स्थान आहे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदत क्रमांक आहेत. ते शाळेच्या सूचना फलकावर ठळक लिहा. माता-पालक सभेत एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. मात्र कुठल्या मुलाच्या घरची गोष्ट वर्गात कधीही उघड करू नका. आधी त्या आईशी एकांतात बोला.

मिनर्व्हाचा देश आज तिघी बहिणींचं चित्र २०० पेसोच्या नोटेवर छापतो. यंदा २५ नोव्हेंबरला फळ्यावर दिनविशेष लिहाल, तेव्हा मुलांना तिची गोष्टही सांगा.